आकडा निघाला, पण पोचला का?

हॉलंडमधलं लायडन हे विद्यापीठाचं जुनं गाव. तिथे विलेम आइन्थोव्हेन नावाचे एक प्राध्यापक होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जो बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो, तो टिपणारं यंत्र त्यांनी बनवलं. यंत्र कसलं, धूडच होतं ते! वजन सुमारे २७० किलो आणि चालवायला पाच माणसं. ते उचलून इस्पितळात नेणं शक्य नव्हतं आणि खाटेवरचा रोगी प्रयोगशाळेत आणणंही सोपं नव्हतं. मग आइन्थोव्हेन यांनी टेलिफोनच्या तारेची मदत घेतली. एका टोकाला इस्पितळ, दुसऱ्या टोकाला यंत्र, मध्ये दीड किलोमीटर अंतर. २२ मार्च १९०५ रोजी या तारेतून हृदयाचा पहिला आलेख आला.

तो आलेख होता एका चांगल्या धडधाकट माणसाचा. पण त्यातले काही उंचवटे जरा जास्तच उंच दिसत होते. का बरं? तर हे गृहस्थ आलेख काढून घेण्यासाठी प्रयोगशाळेतून इस्पितळापर्यंत सायकल मारत गेले होते, असा खुलासा तेव्हा केला गेला.

मला या सगळ्या हकिकतीत ती सायकल फार महत्त्वाची वाटते. तारेतून ठोके आले, सायकल आली नाही. ती तिथल्या मंडळींना ठाऊक होती म्हणून आलेखाचा अर्थ लावता आला. आज एकशेवीस वर्षांनंतर तार गेली, धूड गेलं, पाच माणसं गेली. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचा आलेख निघू लागला. पण एका इस्पितळाकडचा आकडा दुसऱ्या इस्पितळाकडे जायचा म्हटला की सायकल मागेच राहते. आणि पुष्कळदा आकडाही मागेच राहतो.

तुमच्या घरातलं औषधांचं कपाट उघडून बघा. रक्तदाबाचं यंत्र असेल, साखर तपासायचा ग्लुकोमीटर असेल, आणि एका कोपऱ्यात बोटाला लावायची ती चिमटी, ऑक्सिमीटर, हमखास सापडेल. या चिमटीमागचं तत्त्व ज्यांनी शोधलं ते जपानचे ताकुओ आओयागी. १९७४ सालची गोष्ट. हे गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये वारले. म्हणजे सगळं जग त्यांची चिमटी शोधत औषधांच्या दुकानांसमोर रांगा लावत होतं, नेमके तेव्हा. त्या दिवसांत आपण काय करत होतो ते आठवा. सकाळ-संध्याकाळ बोटाला चिमटी, कागदावर आकडा, कागदाचा फोटो, फोटो व्हॉट्सॲपवर, डॉक्टरांचा अंगठा. घरी राहिलेल्या रोग्यावर दुरून नजर ठेवायची, हा प्रकार आपण सर्वांनी तेव्हा कुणी न शिकवता केला. त्या आकड्यांचं पुढे काय झालं? फोन बदलले, आकडे गेले. पुढे कुणा डॉक्टरांना ते पाहायचे असतील असं आपल्या मनातही आलं नाही.

आता तोच प्रकार रीतसर होऊ लागला आहे. इंग्रजीत त्याला रिमोट मॉनिटरिंग म्हणतात. मी आपला ‘दूरदेखरेख’ म्हणेन. रोगी घरी, यंत्रं घरी, आकडे मात्र आपोआप इस्पितळात. हे जिथे नीट चालतं तिथे फार चांगलं चालतं, हे मी आमच्या घरातच पाहिलं आहे. आणि ते कुठे अडतं तेही तिथेच पाहिलं.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, कराडला असतात. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं हृदय दुबळं झालं आहे. डॉक्टर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. शब्द ऐकून छातीत धस्स होतं, पण हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही. पंपाची ताकद कमी झाली आहे, एवढंच. मग अंगात पाणी साठू लागतं, पाय सुजतात, धाप लागते. मात्र सूज दिसायच्या आधी हे पाणी वजनाच्या काट्यावर दिसतं. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते तूप-साखरेचं नसतं, पाण्याचं असतं. म्हणून पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळाने दाजींना काटा, रक्तदाबाचं यंत्र आणि चिमटी असा संच दिला. रोज सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभं राहायचं. आकडे फोनमध्ये, फोनमधून पुण्याला. तिथे एक सिस्टर ते पाहायच्या. दोनदा त्यांनी डॉक्टरांना विचारून फोन केला, गोळी वाढवायला सांगितली आणि दाजींची इस्पितळवारी टळली. अक्का त्या सिस्टरना न बघताच आपली भाची म्हणू लागली.

शिवाय दाजींच्या छातीत पेसमेकर आहे. त्याची माहिती उशाशी ठेवलेल्या एका डबीतून परस्पर कंपनीच्या संगणकावर जाते आणि तो संगणक उघडायचा परवलीचा शब्द तिसऱ्याच डॉक्टरांकडे असतो. म्हणजे एका माणसाच्या एका हृदयाची दोन खाती, दोन निरनिराळ्या पेढ्यांत!

गेल्या मे महिन्यात नाशिकला नातवाची मुंज होती. दाजी-अक्का गेले. काटा काही बॅगेत मावला नाही, कराडलाच राहिला. कार्य म्हटल्यावर लोणचं आलं, पापड आले, मठ्ठा आला. मीठ पोटात गेलं. तिसऱ्या रात्री दाजींना झोपता येईना, उठून बसले तरच श्वास. भाची त्यांना जवळच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथला डॉक्टर तरुण होता, हुशार होता आणि जागा होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘यांचं नेहमीचं वजन किती असतं?’’

प्रश्न साधा, पण सगळं त्यावर अवलंबून. अंगातलं किती पाणी काढायचं हे त्या आकड्यावरून ठरतं. कमी काढलं तर धाप राहते, जास्त काढलं तर मूत्रपिंडं रुसतात. या एका प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या संगणकात चौदा महिन्यांचं, रोजचं, दशांश चिन्हासकट होतं. भाचीने दाजींचा फोन उघडला. पडद्यावर सूचना होती: गेले तीन दिवस आपण वजन नोंदवलेलं नाही, कृपया नोंदवा. मागचं काही उघडेना. पुण्याला फोन लावला. रात्रीचा दीड. फोन उचलला, माणूस अदबीने बोलला. पण दूरदेखरेखीचं ते दालन उघडायची त्याला मुभा नव्हती आणि उघडलं असतं तरी नाशिकच्या डॉक्टरांना दाखवायची सोय नव्हती. सकाळी नऊनंतर फोन करा.

तेव्हा अक्काने पर्समधून शंभर पानी वही काढली. यंत्रावर तिचा विश्वास नाही असं नव्हे. पण चाळीस वर्षं दुधाचा हिशेब लिहिलेला हात, तो थांबत नाही. त्या वहीत होतं: ६१.४, ६१.६, ६१.५. पुढे शेरे: ‘दळण आणायला चालत गेले.’ ‘रात्री दोनदा उठले.’ ‘भाकरी अर्धीच.’ ‘मोठी गोळी दुपारी घेतली, सकाळी विसरले.’ त्या रात्री काट्याने दाजींचं वजन ६५.२ दाखवलं होतं. डॉक्टरने वही दहा मिनिटं वाचली आणि कामाला लागला. लायडनची ती सायकल त्या वहीत होती.

चार दिवसांनी दाजी सुखरूप बाहेर आले. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर पुण्याच्या इस्पितळात गेलो, तेव्हा सिस्टरनी मोठ्या कौतुकाने संगणकावरचा आलेख दाखवला. मे महिन्यात त्यात एक फट होती. नाशिकला दर तासाला मोजलेला रक्तदाब, काढलेलं पाणी, उतरत गेलेलं वजन, यातलं काहीच तिथे नव्हतं. वर्षातले सर्वांत कठीण दिवस, आणि आलेखात नेमके तेच कोरे!

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. कादंबऱ्या रात्री लिहिल्या, दिवसा खतावण्या. त्यातली तीन वर्षं फोर्टमधल्या मुख्य कचेरीच्या ताळमेळ विभागात गेली. हा विभाग म्हणजे बँकेचं अंदमान, असं सहकारी म्हणत. काम काय, तर एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेला ड्राफ्ट किंवा पाठवलेली रक्कम, तिची नोंद दोन्हीकडे झाली की नाही ते पाहायचं. पाठवणाऱ्या शाखेची नोंद ती ‘ओरिजिनेटिंग’, स्वीकारणाऱ्या शाखेची ती ‘रिस्पॉन्डिंग’. दोन्हींची जोडी जुळली की नोंद मिटली. जिची जोडी जुळत नसे ती ‘अनरिस्पॉन्डेड’. अशा हजारो नोंदी वर्षानुवर्षं लोंबकळत असत आणि बनावट ड्राफ्टचे घोटाळे त्यांच्याच आडोशाला राहत. शाखेला फोन केला की मॅनेजर म्हणे, आम्ही पाठवलं, आमचं काम झालं. आमचे विभागप्रमुख एक खडूस गृहस्थ होते. ते म्हणत, ‘‘उत्तराचा रकाना कोरा आहे ना? मग तुम्ही पाठवलेलंच नाही.’’

वैद्यकीय माहितीच्या देवाणघेवाणीवर मी गेलं वर्षभर जे मिळेल ते वाचतो आहे आणि मला राहून राहून हा रकाना आठवतो. सगळी चर्चा पाठवण्याची. किती यंत्रं जोडली, किती आकडे जमले, किती नोंदी चढल्या. समोरच्या टोकाला कुणी तो आकडा वाचला का, वाचून काही केलं का, हा रकाना फार थोड्या ठिकाणी दिसतो.

बँकांचा हा गुंता पुढे सुटला, हे खरं. २००४ मध्ये आरटीजीएस आलं, २००५ मध्ये एनईएफटी, २०१६ मध्ये यूपीआय. आज भाजीवाल्या मावशींचं खातं कुठल्या बँकेत आहे हे आपल्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. पण हे बँकांनी आपणहून केलं असं कुणी समजू नये. प्रत्येक बँकेला वाटे, गिऱ्हाईक माझं, त्याची माहिती माझी, ती दुसऱ्याच्या हाती का द्यावी? वर रिझर्व्ह बँक होती. तिने प्रत्येक शाखेला अकरा अक्षरांचा आयएफएससी दिला, नियम घातले. २००८ मध्ये बँकांच्या सामाईक मालकीचं महामंडळ उभं राहिलं, तेव्हा रस्ता झाला. इस्पितळांची तऱ्हा वेगळी कशी असेल? अमेरिकेत इस्पितळांचं संगणकीकरण व्हावं म्हणून सरकारने २००९ पासून अफाट पैसा ओतला. संगणक आले, पण माहिती एकमेकांना देईनात. शेवटी माहिती अडवून ठेवण्याला मनाई करणारा कायदा २०१६ मध्ये करावा लागला.

मात्र बँकेची उपमा फार ताणून चालणार नाही. पाचशे रुपये साताऱ्यातही पाचशेच आणि सिलिगुडीतही पाचशेच. शरीराचे आकडे असे सरळ नसतात.

साखरेचंच घ्या. उपाशीपोटी १२६ आली की आपल्याकडे डॉक्टर मधुमेहाचं नाव घेतात. हाच रोगी इंग्लंडात मुलाकडे गेला तर तिथला डॉक्टर ७ म्हणेल. दोघेही बरोबर! आपण एक दशांश लिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर ते मोजतो, ते एका लिटरमध्ये किती मिलिमोल ते मोजतात. अठराने भागलं की झालं. पण भागायचं आहे हे सांगायला आकड्याच्या शेजारी एकक हवं. नुसता आकडा गेला तर पलीकडच्याला घाम फुटेल. पुन्हा, साखर बोटाच्या रक्तातली की दंडावर चिकटवलेल्या चकतीची? चकती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजते, आणि तो द्रव रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. जेवणानंतर साखर भरभर चढत असताना दोन्ही यंत्रं वेगळं बोलतील आणि दोन्ही खरं बोलतील. आपली ती चिमटीसुद्धा तशी निष्पाप नाही. मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं, की रक्तातला प्राणवायू खरोखर घटलेला असूनही चिमटी ठीक आकडा दाखवते, असं कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं.

म्हणजे आकड्याबरोबर त्याचं गोत्रही जायला हवं: काय मोजलं, कशाने मोजलं, केव्हा मोजलं, बसून की झोपून, कुठल्या मापात. जगात यावर पुष्कळ काम झालं आहे. इंडियानापोलिसच्या रेगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून तपासण्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. ही यादी ‘लॉइंक’ नावाने ओळखली जाते. रक्तदाबाचा वरचा आकडा म्हणजे ८४८०-६, खालचा ८४६२-४. भाषा कुठलीही असो, क्रमांक तोच. या मजकुराचा लिफाफा कसा असावा, पत्ता कुठे, आत कुठली वस्तू कुठे, याचे नियम एचएल-सेव्हन ही १९८७ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. तिच्या आजच्या नियमावलीचं नाव ‘फायर’. २०११ साली ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी तिची कल्पना मांडली. इस्पितळात ‘फायर चालू आहे का?’ असं कुणी विचारताना ऐकलंत तर जिन्याकडे धावू नका.

आणि यातला आपल्याकडचा भाग पुण्यात शिजतो, हे पुणेकरांनाही ठाऊक नसतं. केंद्राच्या आरोग्य खात्याचं या प्रमाणकांविषयीचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. भारतातल्या इस्पितळांनी ‘फायर’चा लिफाफा कसा भरायचा याची पोथी त्यांनीच तयार केली. ज्यासाठी केली ती योजना म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. देशभर सुरू झाली २७ सप्टेंबर २०२१ रोजी. आपल्यापैकी अनेकांनी लसीच्या किंवा केसपेपरच्या खिडकीवर नकळत जो चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक घेतला, तो तिचाच.

या योजनेची रचना मला, जुना बँकवाला म्हणून, मनापासून आवडली. दिल्लीत एक प्रचंड गोदाम बांधून सगळ्यांचे केसपेपर त्यात भरलेले नाहीत. कागद ज्या इस्पितळात तयार झाला तिथेच राहतो. दुसऱ्याला तो पाहायचा असेल तर रोग्याच्या फोनवर विचारणा येते: अमुक इस्पितळ, अमुक कारणासाठी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची माहिती मागतं आहे, देऊ का? मुदत ठरवता येते, दिलेली संमती मागेही घेता येते. शिवाय यात कुठकुठल्या प्रकारचे कागद चालतील त्या यादीत चिठ्ठी, तपासणीचा अहवाल, डिस्चार्जचा कागद यांच्या जोडीला घरगुती मोजमापांसाठीही एक प्रकार आहे, ‘वेलनेस रेकॉर्ड’. रक्तदाब, वजन, नाडी, रोजचं चालणं, सारं त्यात बसतं. म्हणजे दाजींच्या ६१.५ ला सरकारदरबारी खुर्ची राखून ठेवलेली आहे. बसायला तो येत नाही, कारण काटा कंपनीचा, ॲप कंपनीचं, करार इस्पितळाचा, आणि आकडा या तिघांच्या कुंपणात. पुण्याच्या त्या इस्पितळात मी विचारलं तेव्हा आमच्या ‘आभा’ला डिस्चार्जचा कागद जोडून मिळाला. रोजची वजनं जोडण्याबद्दल खिडकीवरची मुलगी म्हणाली, ‘‘काका, ते ॲपवाल्यांना विचारा.’’

युरोपातही या बाबतीत सगळं आलबेल नाही. आरोग्यविषयक माहिती सीमेपलीकडे नेण्याचा युरोपीय कायदा मार्च २०२५ मध्ये अमलात आला. त्यात रोग्याचा सारांश आणि औषधांची चिठ्ठी यांना पहिला मान, आणि त्यासाठी मुदत मार्च २०२९. घरच्या काट्याचा नंबर त्या पहिल्या पंगतीत नाही.

समजा, उद्या सगळी कुंपणं मोडली. सगळे आकडे सगळ्यांना दिसू लागले. मग?

इथे मला दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. पहिला अमेरिकेतला, येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. हार्ट फेल्युअरचे १६५३ रोगी. त्यातल्या निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला आपलं वजन आणि त्रास सांगायचा. डॉक्टर ते पाहत. सहा महिन्यांनी हिशेब केला. इस्पितळात परतणाऱ्यांत किंवा दगावणाऱ्यांत काहीही फरक नाही! दुसरा जर्मनीतला, बर्लिनच्या शारिते इस्पितळाचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. १५७१ रोगी. इथेही वजन, रक्तदाब, आलेख घरूनच; पण दुसऱ्या टोकाला चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसलेल्या. शंका आली की त्या रोग्याला फोन करत आणि त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलत. वर्षभरात इस्पितळात किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस एरवीच्या उपचारात सरासरी २४.२, या देखरेखीत १७.८. मृत्यूंचं प्रमाण शंभर रोगीवर्षांमागे ११.३४ वरून ७.८६ वर आलं.

दोन देश, दोन काळ, औषधंही मधल्या वर्षांत सुधारली. तुलना काटेकोर नाही हे मान्य. पण आमच्या खडूस विभागप्रमुखांना हे दोन कागद दाखवले असते तर त्यांनी बोट बरोबर एका रकान्यावर ठेवलं असतं. जर्मनांनी पुढे काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या आरोग्यविम्याच्या सर्वोच्च समितीने ही देखरेख विम्यातून द्यायचं ठरवलं, तेव्हा नुसतं ‘द्या’ म्हटलं नाही. आकडे पाहणारं केंद्र एक आणि उपचार करणारे डॉक्टर दुसरे, अशी दोघांची कामं वेगळी लिहून ठेवली. ओरिजिनेटिंग आणि रिस्पॉन्डिंग!

आपल्याकडे डॉक्टर मंडळींची यावरची भीती मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. एक हृदयरोगतज्ज्ञ मला म्हणाले, ‘‘दोनशे रोग्यांचे आकडे माझ्या फोनवर ओतलेत, तर रात्री अडीचला आलेला लाल आकडा मी पाहिला नाही म्हणून उद्या मलाच कोर्टात उभं कराल. त्यापेक्षा मला दिसूच नयेत.’’ फी नाही, वेळ ठरलेली नाही, जबाबदारी मात्र अमर्याद. अशा अटींवर कुठली शाखा नोंद स्वीकारेल?

घरातल्यांविषयीही थोडं बोललं पाहिजे. कारण आकडे इस्पितळाकडे जाताना वाटेत मुलांच्या फोनवर उतरतात. माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याने बाबांना घड्याळ दिलं. आता सकाळी सहाला त्याचा फोन: ‘‘बाबा, काल रात्री पावणेतीनला तुमची नाडी एकशेचार का होती?’’ बाबा काय सांगणार? भयंकर स्वप्न पडलं होतं म्हणून? की आईची आठवण आली म्हणून? त्यांनी एके दिवशी ते घड्याळ काढून नातवाच्या टेडीला बांधलं. प्रेम आहे, काळजी आहे, सगळं खरं. पण बँकेत वडिलांच्या खात्यातली शिल्लक मुलगा विचारायला आला तर आम्ही सांगत नसू, मग तो कितीही गुणी असो. वडिलांची सही आणा, म्हणत असू.

सही म्हटली की ओटीपी आठवतो. संमतीची सगळी इमारत त्या सहा आकड्यांवर उभी आणि ज्येष्ठांच्या ‘आभा’ला जोडलेला फोन पुष्कळदा मुलाचा किंवा सुनेचा असतो. कारण क्रमांक काढला त्या दिवशी तोच हाताशी होता. म्हणजे संमती दाजींची, पण होकार देणार जावई. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, तो आवश्यकच होता. पण आपला ‘आभा’ कुणाच्या फोनला जोडला आहे हे आज संध्याकाळी घरात विचारायला कुठल्याही कायद्याची गरज नाही. आणि उलटी बाजूही आहे: दाजी नाशिकला धापा टाकत असताना त्यांच्या फोनवरचा ओटीपी कुणी वाचायचा? बेशुद्ध माणसाची संमती कोण देणार, याची तरतूद दारावरच, मोठ्या अक्षरांत हवी.

अशा सामाईक रस्त्याला वेळ लागेल. तोवर काय? दूरदेखरेखीचा संच देणाऱ्या प्रत्येक इस्पितळाने रोग्याच्या हातात एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्यावा, दर महिन्याला बदलून. त्यावर नेहमीचं वजन, नेहमीचा रक्तदाब, चालू गोळ्या, पेसमेकर कुठल्या कंपनीचा आणि त्याचा आलेख कोण पाहतं, आणि रात्री दीड वाजता उचलला जाणारा एक नंबर. जो उचलणाऱ्याला दालन उघडायची मुभा आहे असा. यंत्र विकत घेणाऱ्याने दुकानदाराला नुसतं ‘ब्लूटूथ आहे का’ विचारू नये, ‘आकडे बाहेर काढता येतात का’ हे विचारावं. मी मागच्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात विचारलं. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्या माणसाने साहेबांना विचारून कळवतो म्हणून सांगितलं आहे.